आधी गोळ्या, मग बुंदी

पुतण्याच्या लग्नातून भगवानराव पाटलांना काय काय मिळायचं होतं, ते आधी मांडून घेऊ. त्यांनी स्वतः ते महिनाभर अगोदरच मांडून ठेवलं होतं.

नवरदेवाला, म्हणजे जानरावला, बायको मिळायची होती. त्याच्या विधवा आईला, गोजरबाईला, विहिरीवर दुसरा हात मिळायचा होता. भगवानराव पडले जानरावचे थोरले चुलते, आणि बाप मागे नसल्यामुळे वराकडचे कर्ते. त्यांना मिळायचं होतं ते असं: कपाळावर पहिला टिळा, पंगतीत पहिला पाट, खांद्यावर शेला, एक रुसवा, आणि बुंदी. जायचं काहीच नव्हतं. लग्नाचा खर्च गोजरबाईच्या कपाशीवर होता.

रुसव्याचं सांगायला हवं. वराकडच्या कर्त्यानं लग्नात एकदा रुसायचं आणि मुलीच्या बापानं त्याला तीनदा मनवायला जायचं, असा आमच्याकडचा रिवाज. पहिल्या खेपेला नुसते जोडलेले हात, दुसऱ्या खेपेला नारळ, तिसऱ्या खेपेला शेला. तिसऱ्या खेपेला कर्त्यानं मोठ्या मनानं उठायचं आणि पंगतीला यायचं. तोवर पंगत बसत नाही. शेपाचशे माणसं वाढलेल्या पत्रावळीचा वास घेत उभी राहतात. कारण काहीही चालतं. न रुसणाऱ्या कर्त्याला मात्र लोक वर्षभर विचारतात, "काऊन हो, तुमाले कोनी मोजलंच नाई काय?" भगवानरावांची पाटीलकी सरकारनं नुकतीच कायद्यानं काढून घेतली होती. रुसवा काढून घेणारा कायदा अजून निघाला नव्हता, एवढाच त्यांना आधार.

पण यादीतली खरी रक्कम बुंदीच. तिच्यासाठी पाटलांच्या बिमारीची हकिकत सांगावी लागते.

भगवानरावांना साखरेची बिमारी झाली तेव्हा त्यांनी ती धामणगाव बढ्यात अशी सांगितली, जशी दुसऱ्यानं मोटर घेतल्याची बातमी सांगावी. गावात ही बिमारी त्यांच्याआधी कोणाला झाल्याचं ऐकिवात नव्हतं. हगवण कोणालाही होते, हिवताप तर महाराच्या झोपडीपासून मशिदीपर्यंत सगळ्यांना होतो. ही बिमारी बसून खाणाऱ्याची. मलकापूरच्या डॉक्टरनं त्यांना एक काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली दिली होती. औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचे. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर आहे, विटकरी झालं तर भरपूर. हा प्रयोग माणसं न्हाणीघरात करतात. पाटील ओट्यावर करत. विटकरी रंग आला की नळी उन्हात धरून रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवत.

"पाय. पुऱ्या मलकापूर तालुक्यात असा पक्का रंग कोनाचा निघनार नाई."

"नाई बाप्पा," जाणारा म्हणे, आणि पुढे जाऊन हसे.

"मले साखर म्हंजे विष. एक दाना पोटात गेला तं खल्लास. पन गोळी हाय ना! शंकरानं विष पचवलं, तसं गोळी पचवते."

यातलं पहिलं वाक्य गावानं पक्कं लक्षात ठेवलं. भगवानरावाला साखर म्हणजे विष. हे वाक्य पुढे कामाला येणार आहे.

डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते रुखमाबाईनं, पाटलांच्या बायकोनं, दाराशी उभं राहून ऐकलं होतं. पाटील खुर्चीवर बसून ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. डॉक्टर म्हणाला, ठरलेली एकच गोळी, ठरल्या वेळी, आणि गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवण. जेवण नसेल तर गोळी नाही. सणावाराला गोड खायचंच झालं तर दोन घास, तेही जेवणासोबत, आणि तेवढी पोळी कमी. जास्त गोळ्या घेऊन जास्त गोड खायचं, हे गणित चुकूनही करायचं नाही. गोळी पोटात आणि अन्न नाही, तर अंगातली साखर एकदम उतरते. गार घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस चिडतो, मग बरळतो, मग पडतो. तेव्हा ताबडतोब गूळ, साखर, शरबत, जे हाताशी असेल ते. गिळता येत नसेल तर कुशीवर करून हिरड्यांना गूळ चोळायचा, ओतायचं काही नाही. आणि खिशात गुळाचा खडा कायम.

बाहेर आल्यावर पाटील म्हणाले, "डॉक्टर म्हने सनावाराले गोड चालते."

"आन् खिशातला गूळ?"

"खिशात गूळ गाडीवान ठेवते. म्या काय बैल हाकून राह्यलो?"

त्या दिवसापासून गुळाचा खडा रुखमाबाईच्या पदराच्या गाठीत. पदराला मुंग्या लागत. ती झटके, गूळ बदले, पुन्हा गाठ मारी. पाटलांनी तिला एकदाच त्याबद्दल विचारलं, ते असं: "तुह्या अंगाले मुंग्या काऊन लागते वं?"

पाटलांनी मग स्वतःचं शास्त्र काढलं. एके दिवशी पावशेर जिलेबी खाल्ली. दुसऱ्या दिवशी नळीत विटकरी. त्या दिवशी एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी हिरवं. पुन्हा जिलेबी, पुन्हा दोन गोळ्या, पुन्हा हिरवं. झालं. एक गोळी बरोबर पावशेर गोड. सावकारी माणसाला पटेल असाच हिशेब होता: इकडे खर्च, तिकडे जमा. त्या दोन्ही वेळी जिलेबी आधी पोटात होती आणि गोळी मागून गेली होती, ही बाब पाटलांनी हिशेबात धरली नाही. सावकार आणि आजारी माणूस यांत एवढाच फरक की सावकाराची चूक दुसऱ्याच्या अंगावर निघते. पाटलांचीही शेवटी तशीच निघाली म्हणा, पण ते मागून.

आता रामराव. हा मोताळ्याचा, पंचायत समितीवर नवा निवडून आलेला, मुलीकडचा दूरचा पाहुणा. जानरावच्या साखरपुड्याला हा पाटलांच्या शेजारीच जेवायला बसला होता. वाढणारा लाडू घेऊन आला तसा रामराव मोठ्यानं म्हणाला, "अरे, पाटलाले भाकर वाढा. त्याइची साखर अंगातच तयार होते!" अख्खी पंगत हसली. पाटील तरुणपणी परातभर बुंदी खाऊन वर मठ्ठा मागणारे. पाच गावांत त्यांचं तेवढंच एक नाव होतं, आणि ते एका वाक्यात गेलं.

म्हणून लग्नात बुंदी खायची होती. भरपूर, आग्रह करकरून, रामरावच्या डोळ्यांदेखत.

*

लग्न वडनेर भोलजीला. वैशाखाचं ऊन. वऱ्हाड शकूरच्या ट्रकमधून निघालं. माणसं मागे, पाटील पुढे केबिनमध्ये. सकाळी रुखमाबाईनं भाकर-पिठलं समोर ठेवलं तर पाटलांनी ताट सारलं.

"आज पोटात जागा ठेवाची हाय."

"गोळी घेतली का?"

"तिकडं घेईन."

"मंग जेवल्यावर घ्याल. उपाशीपोटी नका घेऊ."

"तू डॉक्टरीन कवापासून झाली?"

वडनेरला मुलीच्या बापानं, पुंजाजीनं, ऐपतीबाहेर केलं होतं. साखर कंट्रोलची, तिच्यासाठी तो तहसिलात किती वेळा जाऊन बसला ते त्याच्या चपलेलाच ठाऊक. बुंदीचा ढीग मांडवामागच्या खोलीत होता आणि उरलेली साखर कुलपात, किल्ली पुंजाजीच्या करगोट्याला.

मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता पडल्या की टिळे, टिळे झाले की पंगत, हा क्रम पाटलांना पाठ. त्यांनी मनात सव्वा शेर बुंदी ठरवली होती. ते गपचूप उठले, ट्रकच्या मागे गेले, खिशातून शिशी काढली आणि पाच गोळ्या तळहातावर घेऊन लोटीभर पाण्यासोबत गिळल्या. आधी जमा, मग खर्च. रुखमाबाई बायकांच्या घोळक्यातून हे पाहत होती. तिला गोळ्या मोजता आल्या नाहीत, पण पाण्याचे घोट मोजता आले.

पाटील ट्रकमागे गोळ्या गिळत होते तेवढ्यात मांडवात टिळे सुरू झाले. पुंजाजीच्या साल्यानं ताट घेऊन पाहिलं, पुढे कोण दिसतं, तर रामराव दिसला. त्यानं रामरावच्या कपाळी गंध लावलं. पाटील मिशा पुसत आले तेव्हा पहिला टिळा होऊन गेला होता.

कारण शोधायची गरजच उरली नाही. देवानंच ताटात वाढलं.

पाटलांनी उपरणं झटकलं. "समितीवाल्याले पहिला मान, तं समितीवाल्याच्याच पुतन्याले पोरगी द्याची होती!" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाले आणि वळले. रुसून बसायला जागा भारदस्त हवी. मांडवाबाहेरच्या निंबाखाली पोरं खेळत होती; मारुतीच्या पारावर कुत्रं होतं. ते थेट ट्रकच्या केबिनमध्ये चढले आणि दोन्ही दारं लावून घेतली. उन्हात तापलेल्या पत्र्याचा डबा; पण बाहेरून काचेत बसलेला माणूस मोठा छान दिसतो.

पुंजाजी पहिल्यांदा आला, हात जोडले. "पाटील, पोरानं चूक केली. लेकराचं पोटात घाला."

"पंगत बसू द्या. आमच्यासाठी कोन अडते?"

हे नियमाप्रमाणे झालं. अर्ध्या तासानं पुंजाजी नारळ घेऊन आला. पाटलांनी नारळ परत केला. हेही नियमाप्रमाणे. आता पुंजाजीनं शेला आणला, की पाटलांनी उठायचं. पण पुंजाजी काटकसरी. त्यानं सुती शेला आणून ठेवला होता, आणि रामरावनंच त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "सुतीवर नाई उठनार तो. रेशमी लागन." मग रेशमी शेला शोधायला माणूस सायकलवर नांदुऱ्याला गेला.

इथून हिशेब पाटलांच्या हातचा गेला. पाच गोळ्या पोटात होत्या आणि त्यांना पोटात दुसरं काही सापडत नव्हतं.

बायकांच्या बाजूला रुखमाबाई उठली. "गोजरबाई, त्याइले काही खायले पाठवा. भातच पाठवा, पन आता पाठवा."

"जाऊबाई, काय बोलता?" गोजरबाई दबक्या आवाजात म्हणाली. "रुसलेल्या मानसाले ताट पाठवत असतेत काय? मंग रुसवा कायचा?"

मुलीकडची एक विहीण हसली. "पाटलाइले एवढी भूक लागली काय वं? मंग रुसले कायले?"

बायका हसल्या. रुखमाबाई म्हणाली, "गोळ्या घेतल्या त्याइनं. उपाशी राह्यले तं मरतीन."

"असं अभद्र नका बोलू मांडवात," गोजरबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "पोरगी आजच घरात येऊन राह्यली. काही झालं तं सारे तिलेच पांढऱ्या पायाची म्हनतीन." आणि कर्त्याची बायकोच त्याला मनवायला गेली असती, तर रुसव्याची अब्रू गावाच्या वेशीवर टांगली गेली असती. तेवढं रुखमाबाईलाही कळत होतं. ती बसली. पदराची गाठ मुठीत धरून बसली.

रेशमी शेला आला तेव्हा उन्हं कलली होती. पुंजाजी आणि चार मोठी माणसं मिरवत ट्रककडे गेली, मागे भुकेलेलं गाव. केबिनचं दार उघडलं. पाटील स्टिअरिंगला टेकून समोर बघत होते. तोंडावरून घाम वाहत होता.

"पाटील, शेला घ्या आन् चला."

पाटलांनी मान हलवली नाही. हात थरथरत होते.

"रागानं कापून राह्यले," कोणी तरी म्हणालं.

"तुही मामी कुठं गेली?" पाटील एकदम ओरडले. "म्हशीले पानी दाखवलं काय? हरामखोर सारे!"

"मामीवरून शिव्या देऊन राह्यले बाप्पा!" मागे एक म्हातारा खूश होऊन म्हणाला. "असा रुसवा इतक्यात पाह्यला नाई. याच्या बापाचाही असाच होता."

रुसव्याचे जाणकार गावोगाव असतात. पिकातलं काही कळत नाही, पण कोणता रुसवा कच्चा आणि कोणता मुरलेला ते बरोबर सांगतात. त्यांनी एकमतानं ठरवलं की पाटील भाव वाढवून राह्यले. पुंजाजीनं शेला त्यांच्या मांडीवर ठेवला. शेला घसरून खाली पडला. पाटलांनी तिकडे पाहिलंही नाही.

"शेल्यावर नाई भागत," जाणकार म्हणाले.

पुंजाजीनं स्वतःच्या बोटातली अंगठी काढली. तिला साबण लावावा लागला. पाटलांच्या मांडीवर ठेवली. पाटील गप्प. डोळे अर्धे मिटलेले.

"पाहून बी नाई राह्यले!"

"वजनदार मानूस हाय."

आता पुंजाजीच्या अंगावर द्यायला काही उरलं नव्हतं. रामरावनं जानरावकडे पाहिलं. सासऱ्यानं हुंड्यात दिलेलं नवं मनगटी घड्याळ त्याच्या हातात होतं, पट्टा अजून करकरत होता. "चुलता तुहा हाय," रामराव म्हणाला. "घरातलं घरातच राहीन." जानरावनं घड्याळ उतरवलं. लग्नाच्या दिवशी त्याला एवढीच एक गोष्ट मनापासून आवडली होती.

घड्याळही मांडीवर गेलं. पाटील कुशीवर कलले. एका बेशुद्ध माणसाशी अर्धं वडनेर घासाघीस करत होतं, आणि माणूस एक पैसा खाली यायला तयार नव्हता.

शकूरला फक्त आपली केबिन परत पाहिजे होती. तो दुसऱ्या दारानं चढला, पाटलांना नीट बसवायला हात लावला आणि तसाच खाली उतरून बायकांकडे धावला.

"भाभी! पाटलाचं अंग मडक्यावानी थंडं लागून राह्यलं. माह्या केबिनमंदी कोंबडी शिजन, अन् ये थंडे! मले ओळखूनच नाई राह्यले."

रुखमाबाई उठली. गोजरबाईनं धरलेला पदर तिनं ओढून सोडवला आणि पुरुषांच्या गर्दीतून, डोक्यावरचा पदर पडला तसा पडू देऊन, ट्रकमध्ये चढली. पाटलांना कुशीवर केलं. गाठ दातांनी सोडली. गूळ हातात घेतला.

आणि मग ते वाक्य कामाला आलं. पाटलांनी स्वतः ओट्यावर बसून गावाला शिकवलेलं.

"ओ बाई! साखरेच्या बिमारीवाल्याले गूळ?" रामरावनं तिचं मनगट पकडलं. "जीव घेता काय त्याचा?"

"विष हाय त्याइले ते!" धामणगावचे सगळे एकदम बोलले. "पाटलानंच सांगतलं होतं. एक दाना गेला तं खल्लास!"

"निंबाचा रस आना. कडू लागते या बिमारीले."

"कांदा हुंगवा."

"चप्पल हुंगवा. कातड्याची पाह्यजे."

चपला लगेच मिळाल्या, मांडवाबाहेर ढीग पडला होता. एकानं कांदा फोडला. दोघं निंबाचा पाला ओरबाडायला गेले. पुंजाजी करगोट्याची किल्ली मुठीत घट्ट धरून उभा होता. साखर पाटलांपासून लांब ठेवणं हे आता त्याचं कर्तव्य झालं होतं. पाटलांच्या नाकाशी एक चप्पल होती, घशात घरघर होती, आणि रुखमाबाईचं मनगट रामरावच्या पंजात होतं.

तिला डॉक्टरचा एक एक शब्द आठवत होता. पण डॉक्टर मलकापुरात होता आणि इथं चारशे माणसं साक्षीला होती. गूळ घातला आणि माणूस गेला, तर तिनं मारला. न घालता गेला, तर देवानं नेला. दुसऱ्यात तिला कोणीच काही म्हटलं नसतं. उलट चार दिवस रडायला बायका आल्या असत्या.

"जाऊबाई, नको," गोजरबाई खाली उभी राहून म्हणाली. "काही झालं तं साऱ्या जन्माचं बोलनं राहीन."

"झालं तं म्या मारले म्हना," रुखमाबाई म्हणाली. "गावात दवंडी द्या. पन आता हात सोडा, रामरावभाऊ, नाई तं तुमाले चावीन."

रामरावनं हात सोडला. समितीवर निवडून आला होता, पण असं कोणी त्याला अजून म्हटलं नव्हतं.

तिनं लोटीतल्या पाण्यात गूळ ओला केला आणि बोटानं पाटलांच्या हिरड्यांना चोळायला लागली. गालाच्या आत, खाली, वर. पाटलांची दातखीळ बसली ती तिच्या तर्जनीवर. रुखमाबाईनं बोट ओढलं नाही. ओढलं असतं तर तोंड पुन्हा उघडलं नसतं. ती दुसऱ्या हातानं गूळ लावत राहिली. ओठाच्या कडेनं रक्त आलं, ते कोणाचं ते गर्दीला कळलं नाही.

"रक्त ओकून राह्यले!" कोणी ओरडलं. "मारला वं मारला!"

मग पाटलांचा घसा हलला. गिळलं. पुन्हा गिळलं. जबडा सैल झाला. रुखमाबाईनं न वळता सांगितलं, "शरबत." कोणी हललं नाही. तेव्हा शकूरनं पुंजाजीकडे नुसता हात केला, आणि पुंजाजीनं, का कोण जाणे, किल्ली दिली.

शरबताचा पेला संपला, दुसरा संपला. पाटलांनी डोळे उघडले. तोंडात बायकोचं बोट नुकतंच येऊन गेलं होतं, नाकाशी चप्पल होती, समोर रामराव. ते म्हणाले:

"पंगत बसली काय?"

मांडवाचा श्वास सुटला. लोक हसले, कोणी हात जोडले, पुंजाजी चाकाला टेकून खाली बसला. पाटलांची नजर मांडीवर गेली. अंगठी. घड्याळ. पायाशी रेशमी शेला. हे कसं आलं ते त्यांना कळलं नाही, पण आलेलं परत जाऊ द्यायचं नसतं, तेवढं शुद्धीवर आलेल्या माणसाला पहिल्यांदा कळतं. त्यांनी शेला खांद्यावर घेतला, अंगठी बोटात, घड्याळ खिशात.

"मले काही झालं नव्हतं," ते म्हणाले. "गरमीनं जरासक डोळा लागला." मग बायकोकडे वळून, हलक्या आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "लोकाइदेखत नवऱ्याच्या तोंडात बोट घालते! लाज वाटत नाई?"

रुखमाबाईनं बोट पदरात गुंडाळलं. "गोळ्या अजून पोटात हायेत," ती म्हणाली. "आताच्या आता जेवा. पोटभर. आन् रात्री पुन्हा."

पंगत एकदाची बसली. पाटील पहिल्या पाटावर, शेला खांद्यावर. आता गंमत पाहा. गेल्या वर्षभरात ज्या एका दिवशी पाटलांनी बुंदी खाल्ली असती तर अपाय झाला नसता, तो हा दिवस. पाच गोळ्या आत हात पसरून बसल्या होत्या. पण बुंदीची परात घेऊन येणारा प्रत्येक वाढपी पाटलांच्या पत्रावळीपाशी आला की डावीकडून उजवीकडे उडी मारे. कोण वाढणार? अर्ध्या तासापूर्वी साऱ्या गावानं त्यांना साखरेच्या बिमारीनं मरताना पाहिलं होतं; गुळानं वाचताना पाहिलं होतं, ते मात्र कोणालाच दिसलं नव्हतं.

"इकडं वाढ बे!" पाटील म्हणाले.

"नाई पाटील. आमच्या डोक्यावर पाप नको."

शेजारून रामराव म्हणाला, "पाटलाले भाकर वाढा रे," आणि तोंडभर बुंदी घेऊन पुन्हा म्हणाला, "भाकर."

भाकर वाढली. वर वरण आणि भात. पाटलांनी ती खाल्ली, कारण बायको समोरच्या खांबाशी उभी राहून पाहत होती आणि त्यांचे हात अजून थरथरत होते. रामरावनं बुंदी तीनदा मागितली.

दुसऱ्या दिवशी रुखमाबाई पाटलांना मलकापूरला घेऊन गेली. पाटलांनी सांगितलं, ऊन लागलं. रुखमाबाईनं गोळ्यांचं सांगितलं. डॉक्टरनं शिशी उलटी करून पाहिली आणि तो रुखमाबाईवरच भडकला. "घरात बाईमाणूस असून एवढं लक्ष ठेवता येत नाही? शिशी कुलपात नको?" पाटील खुर्चीवरून मान डोलावत राहिले, "म्या हेच म्हनतो." मग डॉक्टरनं तिचं बोट पाहिलं, सुई टोचली, आणि म्हणाला नख जाईल.

नख गेलं. पुन्हा आलं ते वाकडं. त्या बोटानं तिला गाठ नीट मारता येईना, म्हणून गूळ आता ती डाव्या हातानं बांधते.

तर हिशेब. पहिला टिळा रामरावला. बुंदी रामरावला. शेला, अंगठी, घड्याळ आणि पहिला पाट भगवानरावांना. घड्याळ जानरावनं दिलं, अंगठी पुंजाजीनं, कपाशी गोजरबाईनं. जीव होता तो भगवानरावांचाच, तो त्यांना परत मिळाला. त्याची किंमत रुखमाबाईनं भरली, आणि पावती कोणी दिली नाही.